जुलमी नवरा आणि उसनी पैठणी

जवळा बाजारच्या समस्त रसिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या गावच्या रंगभूमीवरचा पुरुषी दरारा गेल्या साली तिसऱ्या अंकात वारला. सुतक मलाच आहे.

नाटक जुन्या धाटणीचं. जुलमी नवरा मी. शेवटी ऐन सणाच्या दिवशी मी बायकोचा पदर धरून तिला घराबाहेर ओढतो, असं वहीत लाल शाईने लिहिलेलं. बायकोच्या कामासाठी आधी माझ्या खऱ्या बायकोला, सुनंदाला, विचारलं.

"रोज येते तालमीला. भाकरी तुमी थापता का?"

मग ते काम सलीमभाई टेलरकडे गेलं. कंबर बारीक, आवाज गोड. मिशा त्यांनी कलेला वाहिल्या. ब्लाउजही स्वतःच शिवला. पण सणाला सुती पातळ शोभेना, म्हणून मी सुनंदाच्या पेटीतून तिच्या आईची पैठणी काढली. (विचारलं नाही. विचारलं असतं तर मिळाली नसती.) सुनंदा प्रयोगाच्या दिवशी शिरड शहापूरला माहेरी जाणार होती. ती येईपर्यंत पैठणी परत पेटीत, मी साळसूद, असा बेत.

ती गेलीच नाही. नवऱ्याचं काम बघायला दुसऱ्या रांगेत येऊन बसली.

तिसरा अंक. मी पदर धरला आणि गरजलो, "चालती हो माझ्या घरातून!"

दुसऱ्या रांगेतून एकच शब्द आला. "अहो."

बावीस वर्षांच्या संसारात मी पुष्कळ 'अहो' ऐकलेत. हा त्यातला नव्हता. पदर हातातून आपोआप सुटला.

"ओढा ना भाऊ, काहून थांबले?" सलीमभाई पुटपुटले.

"पैठणीची मालकीण आली."

सलीमभाईंनी समोर पाहिलं आणि दोन्ही हातांनी निऱ्या गोळा केल्या. नाटक पुढे न्यायला हवं होतं. मी पुन्हा गरजलो, "चालती हो! पण सावकाश. चौकटीला खिळा आहे, पदर अडकेल." मंडप हसला. सलीमभाईंना खिळा खराच वाटला. ते मटकन खाली बसले.

"मी न्हाई जात. फाटली तर? मला तुमच्याच गल्लीत दुकान चालवायचंय."

आता सुनंदा रंगमंचापाशी आली होती. "इकडं या. दोघं बी."

पडदा ओढणारा पोट धरून हसत होता. माझ्या डोक्यावर माईक लोंबकळत होता, हे मी साफ विसरलो, आणि गावातला तो सर्वांत जुलमी नवरा अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडला,

"सुनंदा, मी फक्त आणली, नेसली सलीमभाईनं!"