इस्त्रीवालीचा अर्ज आणि माझी सही

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर टेबल मांडून कपड्यांना इस्त्री करणारी जी बाई आहे, तिच्याविषयी मी हे लिहीत आहे. तिच्याविषयी चांगले लिहिणे मला जड जाते, हे आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याची फसवणूक होणार नाही.

ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे. नवरा गेल्यावर तिने रंगाच्या दुकानाच्या भिंतीला लागून टेबल मांडले आणि त्याच्या आधाराने दोन मुली शिकवल्या. भिंत दुकानदाराची. त्याने जागा तोंडी दिली होती, आणि तोंडी दिलेली जागा तोंडीच काढून घेता येते, हे ती जाणून होती. दुपारी दोन वाजता ती इस्त्रीतले कोळसे विझवते, टेबलावर चादर टाकते आणि प्रौढांच्या वर्गाला येते. मी तिच्या आधी आठ महिने दाखल झाले होते. तरीही जोडाक्षरे तिला आधी आली.

एकदा वर्गाच्या बाईंनी अर्ज लिहायला सांगितला. त्या म्हणाल्या, "गल्लीतली खरी अडचण लिहा. चांगला झाला तर खरंच पाठवू."

मी बंद पडलेल्या दिव्याविषयी चार ओळी लिहिल्या. इस्त्रीवालीने पान भरले. रंगाच्या दुकानातली माणसे रोज संध्याकाळी टेबलाशेजारच्या जाळीवर बादल्या आणि ब्रश धुतात, उरलेला रंग आणि थिनर जाळीत ओततात. ती जाळी पावसाळी गटाराची आहे, आणि त्यातले पाणी कुठेही शुद्ध न होता थेट नदीत पडते, असे तिने लिहिले होते. बाईंनी तो अर्ज सगळ्यांना वाचून दाखवला. माझ्या पोटात दुखू लागले. कारण शेवटची गोष्ट तिला कोणी सांगितली होती? मीच, चहा पिता पिता. एकतीस वर्षे मी रस्ते झाडले, आणि दरवर्षी पावसाआधी गाळ काढणाऱ्या टोळीत गटारात उतरले.

"गटाराचं तिला मी सांगितलं होतं, बाई," मी म्हणाले.

"हो ना, मावशींनीच सांगितलं," ती लगेच म्हणाली. "मला वाटायचं, सगळी गटारं सारखीच."

तिने इतक्या सहज कबूल केले की मला भांडायलाही जागा उरली नाही.

अर्ज नाव गुप्त ठेवून पाठवला गेला. दहा दिवसांनी पालिकेचे निरीक्षक आले. ती सकाळची वेळ होती आणि जाळी कोरडी होती.

"साहेब, हे पाणी मैल्याच्या वाहिनीला मिळतं," दुकानदार म्हणाला. "तिकडे सगळं साफ होतं. कुणीतरी आकसानं लिहिलंय."

निरीक्षकांनी नकाशा उलटसुलट करून पाहिला. "हे गटार कुठे उघडतं, ते यात दिसत नाही. आठवड्यात पुरावा आला नाही, तर तक्रार बंद होईल."

ते गेल्यावर दुकानदार इस्त्रीवालीकडे वळला. "या जाळीवर दिवसभर नजर कुणाची असते, ते मला कळतं गं. आठवडा जाऊ दे. मग हे टेबल इथं दिसता कामा नये."

ती धावतच माझ्याकडे आली. "मावशी, त्या गटाराचं तोंड कुठंय हो? तुम्ही टोळीत होतात ना?"

"फार वर्षं झाली गं. आता कुठं आठवतंय," मी म्हणाले.

हे खोटे होते. ते तोंड मला माझ्या मोरीइतके ठाऊक होते. तिचा चेहरा पडला, आणि मला त्या दिवशी जेवण गोड लागले. हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरे आहे.

पुढचे दोन दिवस ती वर्गाला आली नाही. टेबलासाठी दुसरी जागा शोधत फिरत होती. आम्ही आठ जणी समोर बसलेल्या असताना बाई म्हणाल्या, "ती नाही तर वर्ग कसा ओका ओका वाटतो." तेव्हा मी मनाशी ठरवले की आता आपणही लिहून दाखवायचे.

मी नदीवरच्या पुलाखाली गेले. डाव्या बाजूला गटाराचे तोंड होते तिथेच होते, आणि त्याच्या खालच्या काठावर निळा, पिवळा, तांबडा असा रंगाचा बोटभर थर चढला होता. मी उलथन्याने एक खपली काढली आणि कागदात गुंडाळली. अर्ज तीनदा लिहिला आणि स्वतः कार्यालयात नेला.

कारकून म्हणाला, "मावशी, या चौकोनात खूण करा. म्हणजे नाव बाहेर जाणार नाही."

"का म्हणून? पगाराच्या कागदावर एकतीस वर्षं अंगठा उठवला. आता सही येते, तर ती झाकून ठेवू?"

"तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

"माझं भलं मला कळतं. शिक्का मारा."

दोन दिवसांनी निरीक्षक माणसे घेऊन आले. माझ्या अर्जात सांगितल्याप्रमाणे त्यांनी जाळीत लाकडाचा भुसा आणि चार बादल्या पाणी ओतले. पाव तासात भुसा पुलाखाली नदीत आला. दुकानदाराला दंड झाला, आणि बादल्या धुण्यासाठी वेगळी टाकी बांधण्याचा हुकूम झाला.

संध्याकाळी तो माझ्या दारात येऊन ओरडू लागला. "म्हातारे, पहिला अर्जही तूच केलास ना? आणि मी उगीच या इस्त्रीवालीच्या मागे लागलो!"

ती तेव्हा माझ्याच उंबऱ्यात उभी होती. ती काही बोलणार, इतक्यात मी म्हणाले, "हो. दोन्ही अर्ज माझेच."

गल्लीतले लोक म्हणतात, मी तिला वाचवले. खरे सांगायचे तर त्या क्षणी मला एवढेच दिसले की तिचा अर्ज आयता माझ्या पदरात पडतो आहे, आणि मी पदर पसरला.

तिचे टेबल जागच्या जागी राहिले. पहिला अर्ज कोणाचा, हे वर्गाच्या बाईंना ठाऊकच होते, म्हणून आता काय म्हणायचे, असे त्यांनी तिला बाजूला घेऊन विचारले. "मावशींचाच म्हणा, बाई," ती म्हणाली, आणि बाकावर येऊन पाढे लिहू लागली. मला असे सोडून देता आले नसते. आता तिच्या अक्षराबरोबर याचाही मला हेवा वाटतो.

काल तिच्या टेबलापाशी उभी राहून मी तिला विचारले, "तुझा अर्ज माझ्या नावावर गेला. तुला काहीच नाही वाटलं?"

"वाटलं की," ती इस्त्री न थांबवता म्हणाली. "तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही मी. तुम्हाला कळलंसुद्धा नाही."

मला खरोखरच कळले नव्हते.