अण्णाचे आरसे

आई सोलापुरात, भवानी पेठेत सगळ्यांना सांगायची, माझा मुलगा एक्स-रेत आहे. त्यामुळे अण्णा, म्हणजे माझा मोठा भाऊ, सुट्टीत घरी आला की शेजारपाजारची माणसं छातीच्या, गुडघ्याच्या फिल्म घेऊन यायची. तो त्या खिडकीशी धरून मन लावून बघायचा आणि डॉक्टरांनाच दाखवा म्हणायचा. आईचा गैरसमज त्यानं कधी दूर केला नाही. मीही नाही.

मागच्या वर्षी पुण्यात, हृदयविकाराच्या झटक्यानं तो गेला. दिवस झाल्यावर त्याच्या प्रयोगशाळेतला एक सहकारी आम्हाला भेटायला सोलापूरला आला.

आईनं त्याला विचारलं, दवाखान्यात आता त्याच्या जागी कोण? पाहुणा माझ्याकडं बघू लागला. मग मीच सांगितलं की अण्णा दवाखान्यात नव्हताच.

"मग काय करत होता?" आई पाहुण्याला म्हणाली. "नीट सांगा की."

त्यानं सांगितलं. कृष्णविवरांच्या आसपासच्या भागातून फार भेदक क्ष-किरण निघतात. धुळीच्या दाट ढगांतूनही ते पार होतात, पण आपल्या हवेत अडतात, म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. साध्या आरशावरून ते परततच नाहीत. काचेवर शेकडो अतिशय पातळ थर चढवून, किरण अगदी निसटता पडेल असा आरसा बसवावा लागतो. ते थर चढवण्याचं काम अण्णाचं.

"मग दुर्बीण वर गेली का?"

नाही, तो म्हणाला. अजून मंजुरीच नाही. मिळाली तरी बरीच वर्षं लागतील, आणि कदाचित मिळणारही नाही.

मला वाटलं, एवढं खरं सांगायला नको होतं. मग आईनं विचारलं, आरसे तरी चांगले झाले होते का? पुष्कळ वाया गेले, तो म्हणाला, थर सुटून यायचे. शेवटचा मात्र चाचणीत टिकला.

"त्याला कळलं होतं ते?"

"हो, काकू. त्या दिवशी त्यानं आम्हा सगळ्यांना जेवायला नेलं होतं."

आई उठली आणि तिनं पाहुण्याला ताट वाढलं. तो जेवत असताना म्हणाली, "तुमची आई हाय का? तुमी काय करता, तिला सांगा. कळलं नाही तरी सांगा."

पाहुणा गेल्यावर तिनं मला सगळं पुन्हा, आमच्या घरच्या भाषेत, तेलुगूत सांगायला लावलं. कृष्णविवराला माझ्याकडं शब्द नव्हता. मी अडखळत सांगत राहिले. ढगांतली ती धूळ कुठली, हे तिनं दोनदा विचारलं.