आधी घाबरून घेऊ

आमच्या ताईंना पंचकुल्यातल्या आमच्या गल्लीत सगळे ‘जापानवाली मॅडम’ म्हणत, आणि ताईंनी आयुष्यात विमानात पाऊल ठेवलं नव्हतं. सगळा घोटाळा त्यांच्या तोंडातल्या एका शब्दाने केला होता. जिना उतरणारा, स्कूटर काढणारा, दूध आणायला निघालेला, कुणीही असो, खिडकीतून ताईंची हाक यायचीच, “जपून रे! जपून गं!” फाटकावरच्या ठाकूर चौकीदाराने हे ऐकून ऐकून ठरवलं की मॅडमची निम्मी नोकरी जपानमध्ये झाली असणार. त्याने तसं इस्त्रीवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याने घराघरांत पोचवलं. मी एकदा खुलासा करायला गेले तर ठाकूर माझ्याकडेच संशयाने बघायला लागला. मग मीही नाद सोडला.

ताई मूळच्या मिरजेच्या. चंडीगडच्या एका मोठ्या इस्पितळात भूलतज्ज्ञ होत्या. आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहत. लग्न केलं नव्हतं. “ते तरी कुणी जपून केलंय का?” असं म्हणत. घाबरणं हा त्यांचा स्वभाव होता की धंदा, हे मला कधी कळलं नाही. घरातून निघताना गॅस बघत, कुलूप ओढत, परत येऊन पुन्हा गॅस बघत. मंडळाच्या गणपतीत आरतीला सगळे मूर्तीसमोर दाटीवाटीने उभे, आणि ताई मागच्या दारापाशी, चपला पायात घालून. आम्ही चिडवायचो, “ताई, बाप्पालाही घाबरता?” त्या शांतपणे म्हणायच्या, “बाप्पाला नाही गं. मांडववाल्याच्या वायरिंगला.”

पण त्यांचं घाबरणं आपल्यासारखं नव्हतं. आपण घाबरलो की डोळे मिटतो. त्या घाबरल्या की बघायला लागत. कोणतंही काम काढलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, “थांबा, आधी नीट घाबरून घेऊ.” मग काय काय बिघडू शकेल ते एकेक करून बोलत, अगदी भाजी निवडावी तसं. सहलीला निघालेल्या माणसाचा उत्साह त्या पहिल्या वाक्यातच मारत असत. माझा नवरा मंदार त्यांना पाठीमागे ‘अपशकुन’ म्हणायचा. मीही हसायचे. हे हसणं थांबलं ते रेवाच्या दम्याने.

रेवा आमची मुलगी, तेव्हा शाळेत नुकतीच जायला लागलेली. इथेच जन्मली, त्यामुळे मराठी सगळं कळायचं आणि उत्तर हिंदीत यायचं. दिवाळीच्या सुमारास शेतातला पेंढा जळायला लागला आणि सगळं आभाळ धुराने भरलं की पोरीच्या छातीतून शिट्टी वाजायला लागे. “मम्मा, सांस नहीं आ रही,” म्हणायची. एका संध्याकाळी रिक्षा मिळेना, अॅपवरची गाडी येते येते म्हणून आलीच नाही, आणि शेवटी मंदारने स्कूटरवर, मी मागे रेवाला पदराने झाकून, त्याच धुरातून इस्पितळ गाठलं. त्या दिवशी ठरलं, गाडी घ्यायची. नवी परवडणार नव्हती. जुनी घ्यायची, पण किल्ली फिरवली की पहिल्या फटक्यात सुरू झाली पाहिजे.

मंदारच्या मनात एक छोटी एसयूव्ही भरली होती. उंच, दणकट, खड्ड्यांना न जुमानणारी. मेख अशी की कंपनीने ते मॉडेल बंद केलं होतं, म्हणूनच ती आमच्या आवाक्यात आली होती. मी परभणीला सासूबाईंना फोनवर म्हणाले, “बंद झालेली गाडी बघतोय.” त्या म्हणाल्या, “अगं, चालू गाड्या मिळेनात का तिकडे? पोरीला दवाखान्यात काय ढकलत नेणार?” बंद झालेली आणि बंद पडलेली यातला फरक समजवता समजवता माझा घसा बसला. पण खरं सांगायचं तर मलाही तो नीट कळत नव्हता. बंद झालेली उद्या बंद पडली तर?

ताईंना विचारलं तर त्यांचा चेहराच उतरला. “म्हणजे माहेर तुटलेली गाडी,” त्या म्हणाल्या. “चालेल तोवर चालेल. पण दुखलंखुपलं तर कुणाच्या दारात न्यायची?” मंदार म्हणाला, “ताई, सुटे भाग मिळतात अजून. कंपनीची सर्व्हिसही आहे.” “आज आहे,” ताई म्हणाल्या. “बरं, कुठे बघायची म्हणता? मी येते. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. पण आधी घाबरून घेऊ.”

ठाकूरच्या ओळखीचा एक विकणारा होता, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारा, गोड बोलणारा. ठाकूरने त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की जापानवाली मॅडम गाडी बघायला येणार. त्यामुळे तो बिचारा आम्ही पोचलो तेव्हाच घामाघूम. “मॅडमजी, आप तो वहाँ की गड्डियाँ देखके आए हो, हमारी क्या औकात,” असं म्हणून त्याने ताईंसाठी खुर्ची पुसली. ताईंना काही उमजलं नाही. त्यांनी आपला तळहात बॉनेटवर ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. “गरम आहे,” मला मराठीत म्हणाल्या. “आपण यायच्या आधी फिरवून आणलीय. गार असताना कशी उठते ते याला दाखवायचं नाही.”

गाडी मात्र सुंदर होती. पांढरी, चकचकीत. रेवा पुढच्या सीटवर चढून बसली आणि म्हणाली, “पापा, यही वाली!” मंदारचा चेहरा बघून मला कळलं की त्याच्या मनाने गाडी घेतलीसुद्धा. त्याने किल्ली फिरवली, इंजिन झकास सुरू झालं. ताई मात्र खिडकीतून आत डोकावून समोरच्या दिव्यांकडे बघत होत्या. “परत फिरव,” म्हणाल्या. मंदारने फिरवली. “परत.” तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, “तो माणूस आणि समोर फुगा असलेला दिवा कुठाय?”

आता हे यांना कसं माहीत? तर ताई रोज इस्पितळात जायच्या त्या सहकारी गिल मॅडमच्या गाडीतून, आणि रस्त्याकडे बघायची भीती वाटायची म्हणून पूर्ण रस्ताभर त्या समोरच्या दिव्यांकडे डोळे लावून बसायच्या. गिल मॅडमच्या गाडीत किल्ली फिरवली की तो दिवा आधी लागायचा आणि मग विझायचा. या गाडीत तो लागतच नव्हता. विकणारा हसून म्हणाला, “नहीं जली तो अच्छा है ना जी. मतलब कोई फॉल्ट नहीं.” ताईंनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं हसू तिथेच विरलं. मला म्हणाल्या, “ऑपरेशनच्या वेळी अलार्म वाजत नसेल तर मी खूश होत नाही गं. आधी बघते की कुणी त्याचा आवाज बंद करून ठेवलाय का.”

मंदारला ते पटलं नव्हतं, पण ताईंनी हट्टच धरला म्हणून गाडी एका मिस्त्रीकडे नेली. त्याने स्टीअरिंगवरचं झाकण उचकटलं. आत एअरबॅग, म्हणजे त्या दिव्यातला फुगा, नव्हती. कापडाच्या चिंध्या कोंबल्या होत्या, आणि बाजूच्या सीटसमोरही तेच. गाडी कधीतरी जोरात धडकली होती, फुगे फुटले होते, आणि कुणीतरी दिव्याची तार तोडून मोकळा झाला होता. विकणारा शपथा घेत होता की त्यालाही ती अशीच मिळाली. मी रेवाकडे बघितलं. ती अजून त्याच सीटवर बसून पाय हलवत होती. मी तिला ओढूनच बाहेर काढलं, इतक्या जोरात की ती रडायला लागली.

त्यानंतर मी आठवडाभर गाडीचं नाव काढू दिलं नाही. मला त्या चिंध्या डोळ्यांसमोरून जात नव्हत्या. शेवटी ताईच म्हणाल्या, “घाबरलीस ना? छान. आता तुला बघता येईल. चल.” तेच मॉडेल चंडीगडमध्ये एका निवृत्त सरदारजींकडे होतं. त्यांच्या बायकोला गुडघ्यांमुळे उंच गाडीत चढता येईना म्हणून विकत होते. आम्ही सकाळी गारठ्यात गेलो. बॉनेट थंडगार होतं. ताई मागच्या सीटवर जाऊन ताठ बसल्या आणि रेवाला मांडीवर घेऊन बघितलं. दम लागलेलं पोर आडवं करायचं नसतं, त्याला बसवून धरावं लागतं, तेवढी जागा आहे का ते त्यांना बघायचं होतं. मग त्यांनी सरदारजींना आपल्या मिरजेच्या हिंदीत विचारलं, “इसने आपको कभी डराया क्या?”

सरदारजी क्षणभर गोंधळले. मग दाढीवरून हात फिरवत म्हणाले, “एक वारी डराया था जी. पिंजौर तों पहले, तेज बारिश विच वाइपर रुक गए. दस मिनट मैं ते मेरी घरवाली रब दा नाम लैंदे बैठे रहे. मोटर बदलवा दी सी.” भर पावसात वायपर बंद पडल्याची ही कबुली ऐकून ताईंचा चेहरा उजळला. परत निघताना म्हणाल्या, “हीच घ्या. ‘मला आयुष्यात कधी काही झालं नाही’ म्हणणारा पेशंट मी टेबलावर घेत नाही.”

गाडी दारात आली, पेढे वाटले, तरी ताईंचं घाबरणं संपेना. आता त्यांनी तालीम सुरू केली. रेवाला उचलायचं कुणी, दम्याचा पंप कुठल्या कप्प्यात, दार कोण ओढणार. मंदार कामावर पिंजौरला असला तर गाडी कोण चालवणार? मी नुकती शिकले होते आणि मला गर्दीची धास्ती वाटायची. ताई मला दर रविवारी इस्पितळापर्यंत न्यायला लावत. स्वतः शेजारी बसून, डोळे दिव्यांवर, दर लाइट पॉइंटला, म्हणजे इथल्या सिग्नलला, “जपून, जपून” चालूच. मला इतका वैताग यायचा की एकदा मी म्हणाले, “ताई, तुम्ही एक तर गप्प बसा, नाहीतर तुम्हीच चालवा.” त्या गप्प झाल्या आणि पुढच्या लाइट पॉइंटला पुन्हा सुरू झाल्या.

जानेवारीतली सकाळ होती. बाहेर धुकं असं की समोरच्या घराचं फाटकसुद्धा दिसत नव्हतं. मंदार निघून गेला होता. रेवा उठली तीच तोंड उघडं टाकून. पंप दिला, परत दिला, काही फरक पडेना. तिचे निळे पडलेले ओठ बघून मी जिन्यातून ओरडले. ताई शाल गुंडाळून, एका पायात चप्पल एका पायात नाही अशा वर आल्या, रेवाकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, “चल.”

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. पण रस्ता कुठे होता? काचेपलीकडे नुसता कापूस. मला गिअर सापडेना. पोर मागे गुदमरत होतं आणि मला ब्रेकवरून पाय काढायची भीती वाटत होती. मागून ताईंचा आवाज आला. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता, सपाट, अजिबात घाई नसलेला. “डाव्या हाताला सायकल आहे, मला दिसतेय. तू चल. हॉर्न दाबत राहा. आता जोरात. अजून.” आणि मध्येच रेवाला, “शाब्बास, सोड श्वास. हळू सोड.” इस्पितळाकडे जाणारा अख्खा मध्य मार्ग संपेपर्यंत त्यांनी एकदाही जपून म्हटलं नाही.

रेवाला आत नेलं, ऑक्सिजन लावला, बऱ्याच वेळाने डॉक्टरांनी सांगितलं की आता धोका नाही. मी बाकावर कोसळून रडले. ताई शेजारी बसल्या होत्या. कुणीतरी चहा आणून दिला, तर त्यांच्या हातातला कप इतका थरथरत होता की निम्मा चहा शालीवर सांडला. मी म्हणाले, “ताई, गाडीत तर तुम्ही जराही घाबरला नाहीत.” त्या म्हणाल्या, “अगं, घाबरायचं तेवढं आधीच घाबरून झालं होतं ना.” मग शालीकडे बघून ओशाळं हसल्या. “हे थोडं उरलं होतं.”

पुढे त्या निवृत्त झाल्या आणि मिरजेला भावाच्या रिकाम्या घरात राहायला गेल्या. त्यांना स्टेशनवर आम्ही त्याच गाडीने सोडलं. रेवाने त्यांना घट्ट मिठी मारली. आगगाडी यायला वेळ होता. ताई बॅगेवर हात ठेवून बसल्या होत्या, आणि एकदम म्हणाल्या, “वृंदा, तिकडे गेल्यावर मी कुणासाठी गं घाबरू?” मला आधी हसूच आलं. मग त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि त्यांचा हात धरला. म्हणाले, “आमच्यासाठीच घाबरा ना, ताई. मी रोज फोन करीन.”

आणि केला. कॉलेजात नोकरीला निघाले की सांगायचे, निघाले. पोचले की सांगायचे, पोचले. मध्ये पाऊस असला, धुकं असलं की मीच जरा वाढवून सांगायचे, म्हणजे त्यांना नीट घाबरता यावं. “ताई, आज तर दोन हातांवरचं दिसत नव्हतं.” “अगं बाई! मग?” मंदार म्हणायचा, का म्हाताऱ्या माणसाला छळतेस? त्याला काय माहीत, पलीकडे त्या आवाजात कसा जीव यायचा ते.

मागच्या वर्षी ताई झोपेतच गेल्या. रेवा आता मोठी झालीय, दम्याचा त्रासही बराच कमी झालाय. गाडी अजून चालते. तिचा पुढचा दिवा फुटला तर तो मिळवायला मंदारला तीन शहरं पालथी घालावी लागली, पण चालते. मी कॉलेजच्या आवारात पोचते, इंजिन बंद करते आणि फोन हातात घेऊन तशीच बसून राहते. पोचले हे कुणाला सांगायचं तेच कळत नाही. रेवासाठी, मंदारसाठी मी घाबरते, दिवसभर घाबरते. पण माझ्यासाठी घाबरणारं आता कुणी उरलं नाही, आणि त्या रिकाम्या गाडीत मला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटते.