बाबांच्या पायांवरचा पहारा

सुताराच्या दुकानात कीस साठतो. सकाळी झाडून काढा, संध्याकाळी परत घोट्यापर्यंत! बाबांच्या पायांचे किस्से तसेच. एक सांगून संपवावा तर त्याच्या खाली दुसरा निघतो. आम्ही म्हातारे ओट्यावर बसलो की कोणीतरी म्हणतंच, "आबा, तो पेटीचा सांगा." मी सांगतो. मग शेटचा. मग अक्काचा. चहा गार होतो, ऐकणारे उठत नाहीत.

मी चौथी शिकलेला मिस्त्री. लिहायची सवय नाही. पण ओट्यावरची माणसं कमी होत चालली, म्हणून लिहून ठेवतो. यात एक अक्षर वाढवलेलं नाही. वाढवून सांगणारा माणूस मला आवडत नाही.

*

बाबा म्हणजे धुळ्याला देवपुरात, पांझरेकाठी राहणारे साधू. पत्र्याच्या दोन खोल्या, एक पडवी, पुढे अंगण. एवढाच मठ. बाबा सगळीकडे पायी जायचे. शिंदखेडा, शिरपूर, अमळनेर. ज्याच्या घरी दुखणं, त्याच्या दारात बाबा. घोटभर पाणी प्यायचे, आजाऱ्याजवळ बसायचे, उठायचे. बोलायचे कमी. म्हणून लोकांना त्यांच्या पायांचं वेड. "हे पाय माझ्या दारात आले होते!" असं जो तो छाती काढून सांगायचा.

अडुसष्ट-एकोणसत्तरची गोष्ट असेल. बाबांच्या उजव्या पायात बाभळीचा काटा गेला. बाबांना साखरेचं दुखणं. जखम भरेना, उलट चिघळली. डॉक्टरांना मठात आणलं. त्यांनी पट्टी बांधली आणि सगळ्यांना फैलावर घेतलं.

"रोज दोनशे माणसं या पायाला हात लावतात! कोणी शेण काढून येतो, कोणी तंबाखू मळत येतो. वर हळदकुंकू, फुलं, पाणी! चार आठवडे एकाचाही हात लागला नाही तर पाय राहील. नाहीतर घोट्यापासून कापावा लागेल. सांगून ठेवतो!"

बाबा हसले. "कापा. दुसरा आहे की."

"आणि त्या एकट्यावर शिरपूरला जाल?" डॉक्टर म्हणाले.

बाबांनी पाय परत त्यांच्यापुढे केला. बाबांना ऐकायला लावणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

पुन्हा पंचाईत अशी, की चौथ्या आठवड्यात गुरुपौर्णिमा! कोणी म्हणालं, बाबांना खोलीत बसवा, कडी लावा. बाबा म्हणाले, "कडी लावली तर मी खिडकीतून जाईन. लोक येतात, त्यांना मी दिसलो पाहिजे."

डॉक्टरांनी विचारलं, "इथे सगळ्यात कडक माणूस कोण?"

पन्नास माणसं होती. पन्नास बोटं माझ्याकडे! एकानेसुद्धा विचार करायला वेळ घेतला नाही.

*

पहिल्याच दिवशी मी सागवानी पेटी केली. वरून बंद, मागून उघडी, हवेला भोकं. बाबा खुर्चीवर बसले की पाय पेटीत. लाव आता हात!

लोकांनी पेटीला हात लावला. त्याला हरकत नव्हती. दुसऱ्या दिवशी पेटीला हार आला. तिसऱ्या दिवशी कुंकू. चौथ्या दिवशी मी पडवीत आलो तर बाबा मोरीकडे गेलेले, खुर्ची रिकामी, पेटी रिकामी, आणि पुढे ही रांग!

मी ओरडलो, "अरे, पाय आत नाही!"

पुढचा माणूस कपाळ न उचलता म्हणाला, "मग येईपर्यंत थांबू का असाच?"

पाचव्या दिवशी एका बाईने पेटीपुढे नवस बोलला आणि एकाने हवेच्या भोकातून बोट आत घातलं. त्याच दिवशी पेटी मी दुकानात परत नेली. पुढे तिच्यात खिळे ठेवायचो. आमच्या शेजारचा शिंपी जाता-येता तिला नमस्कार करायचा!

*

पेटी गेली, म्हणून खडूची रेघ आली. बाबांच्या पायांपासून सहा फुटांवर. रेघेच्या अलीकडून नमस्कार.

अमळनेरचे एक मारवाडी शेट यायचे. सरकीचा धंदा, सहा फूट उंची, शब्दाला पक्का माणूस. मला म्हणाले, "मिस्तरीजी, आपण नियम तोडणार नाही. दुरूनच करणार."

मला बरं वाटलं. शेट रेघेवर उभे राहिले, हात जोडले आणि तिथूनच साष्टांग पडले. आडवे झाले तसे त्यांचे हात पुढे, आणखी पुढे, आणि बोटं थेट बाबांच्या पट्टीवर!

मी दोन्ही पाय धरून त्यांना मागे ओढलं. "शेट! नियम?"

"मैं तो रेघच्या मागेच उभा होतो! हात पुढे गेला, त्याला मी काय करू?"

चूक माझी होती. उभ्या माणसाचं माप घेऊन आडव्या माणसाची रेघ आखली होती. मी शेटना अंगणात परत आडवं केलं. टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंत फूटपट्टी लावली. माणसं जमली. शेट जमिनीला नाक लावूनच विचारतात, "कितना हुआ?"

"पावणेआठ फूट."

"देखो!" शेट खूश. "सगळ्या खानदेशात एवढा लांब नमस्कार कोणाचा नसेल!"

रेघ नऊ फुटांवर गेली.

*

आता नऊ फुटांवरून नमस्कार म्हटल्यावर लोक कुरकुर करायला लागले. तेव्हा एक रिटायर गुरुजी मदतीला धावले. विद्वान माणूस. त्यांनी अंगणात सगळ्यांना बसवलं आणि तासभर समजावलं.

"डोकं हा शरीराचा सगळ्यात उंच भाग. माणसाची सगळी घमेंड तिथे असते. पाय सगळ्यात खाली, धुळीत. उंच आहे ते खाली टेकवायचं, एवढाच नमस्काराचा अर्थ. आणि गुरू उभा कशावर असतो? पायांवर. म्हणजे तो ज्याच्या बळावर उभा आहे, त्याला आपण नमस्कार करतो. मांसाच्या पायाला नव्हे! त्याला हात लागला काय, न लागला काय!"

मला एवढं पटलं! वाटलं, मठात अखेर एक शहाणा माणूस सापडला. लोकांनाही पटलं. सगळे नऊ फुटांवरून हात जोडून आपापल्या वाटेने गेले. अंगण रिकामं झालं.

गुरुजींनी टोपी झटकली. माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "मिस्त्री, सगळे गेले ना? आता मला दोन मिनिटं सोडा. फक्त अंगठा!"

*

शिंदखेड्याकडची एक अक्का होती. सत्तरीची, काटक. एसटीने यायची. रेघेवर उभी राहून माझ्याशी भांडायची.

"तू कोन शे रे, नही म्हननारा?"

"पाय राहिला पाहिजे, त्याची जबाबदारी माझ्यावर आहे."

"मंग धूय ते लेऊ दे! तिले ते पट्टी नही बांधेल ना?"

धुळीला पट्टी नव्हती, हे खरं. डॉक्टरही धुळीबद्दल काही बोलले नव्हते. बाबा काठी टेकत मोरीपर्यंत जायचे, त्या वाटेवरची चिमूटभर माती अक्काने तंबाखूच्या डबीत घेतली. कपाळाला लावली. गेली.

दुसऱ्या दिवशी शंभर डब्या! कोणी रुमाल आणला, कोणी पितळी डबा. आठवड्याभरात मोरीच्या वाटेवर वीतभर खड्डा. बाबांची काठी त्यात अडकली आणि ते पडता पडता वाचले. पाय वाचवायचा आणि माणूस मोडायचा, असा प्रकार!

मी दोन बैलगाड्या मुरूम आणून टाकला. घट्ट ठोकून घेतला. संध्याकाळी बघतो तर एक पागोटेवाला तोच मुरूम उकरतोय!

"अरे, या मुरुमावर बाबा अजून चाललेच नाहीत!"

"चालतील ना," तो म्हणाला. "आम्ही ॲडव्हान्समध्ये नेऊन ठेवतो!"

*

अडीच आठवडे झाले. लोक काही ना काही करून पायाला हात लावतच होते. रोज संध्याकाळी डॉक्टर पट्टी बघायचे आणि मान हलवायचे. पट्टी ओली. जखम तशीच. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिस्त्री, असंच चाललं तर पौर्णिमेनंतर मी करवत आणतो."

त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी शिसवीचं लाकूड काढलं आणि खडावा करायला घेतल्या. पायांच्या जागी पादुका ठेवाव्यात, लोक तिकडे वळतील.

अडचण एकच होती. आमच्याकडे रीत अशी, की खडावा गुरूच्या पायात एकदा तरी जायला हव्यात. त्या घालून गुरू चार पावलं चालला की त्या पादुका. तोवर नुसतं लाकूड. आणि बाबांच्या पायाला तर पट्टी. लोक मानतील का? तरी केल्या. हात चांगला लागला होता. जवसाचं तेल दिलं. तेल दिल्यावर शंका आली, डावी खुंटी ढिली आहे. आता सुताराची सवय अशी, की खडाव स्वतः घालून बघितल्याशिवाय तो हातावेगळी करत नाही. मी दोन्ही घातल्या. चार पावलं चाललो. खुंटी घट्ट होती.

पण तेल ओलं आणि माझे पाय भुशाने माखलेले! दोन्ही खडावांवर पाचही बोटांसकट ठसे बसले. म्हटलं, वाळल्यावर घासून काढू. दुकानातून तशाच नेऊन मठाच्या अंगणात फळीवर उन्हात ठेवल्या आणि कानस आणायला वळलो.

मागून अक्काने किंचाळून सगळ्यांना हाक मारली! "बठ्ठा या रे! बाबाना पाय उमटनात!"

मी धावलो. "अहो, ते माझे..."

कोण ऐकतो! शेट पावणेआठ फूट आडवे झाले होते. गुरुजी हात वर करून ओरडत होते, "पायाला पट्टी आहे आणि ठसा उमटला! मी म्हणत होतो ना, पाय मांसाचा नव्हे!"

रांग वळली. सगळीच्या सगळी! अडीच आठवड्यांत पहिल्यांदा बाबांच्या पायाकडे कोणी बघेना. बाबा खुर्चीवर एकटे बसून कान खाजवत होते.

संध्याकाळी डॉक्टरांनी पट्टी सोडली. "कोरडी आहे! मिस्त्री, काय केलंत?"

"काही नाही," मी म्हणालो.

मी जन्मात कोणाला खोटं माप दिलेलं नाही. खरं सांगितलं तर रांग परत फिरणार आणि पाय जाणार. नाही सांगितलं तर सगळा गाव माझ्या ठशावर डोकं ठेवणार. मी तोंड शिवून उभा राहिलो. अकरा दिवस! माझ्या उजव्या पायाची करंगळी वासा पडून शेजारच्या बोटावर चढलेली. ठशात ती स्पष्ट दिसायची. म्हणून भर उकाड्यात मी बाजारातून मोजे आणले आणि मठात मोजे घालून वावरलो. लोक म्हणायचे, मिस्त्रीला सर्दी झाली.

*

चौथ्या दिवशी आमची बायको पूल ओलांडून दर्शनाला आली. माझ्यापुढून गेली, रांगेत तासभर उभी राहिली, खडावांपुढे वाकली. वाकली ती बराच वेळ उठेना. मग उठली आणि माझ्याकडे न बघता घरी गेली.

दुपारी तिने ताटात भाकरी वाढली.

"दर्शन घेतलं."

"बरं केलंस."

"करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे."

मी पाय मांडीखाली ओढून घेतला.

"पाडव्याला घरात तुमच्या पाया पडते, तेवढं पुरत नव्हतं का? पांझरा ओलांडून जाऊन रांगेत उभं केलंत!"

मी विचारलं, "कोणाला सांगणार आहेस?"

"नाही. बाबांचा पाय राहू दे." तिने वरण वाढलं. "पण आजपासून वरण खारट झालं तर आवाज चढवायचा नाही."

आजतागायत चढवलेला नाही.

*

गुरुपौर्णिमेची सकाळ. अंगण भरून माणसं रस्त्यावर गेलेली. आत खोलीत बाबा, डॉक्टर आणि मी. दार बंद.

डॉक्टरांनी पट्टीचा शेवटचा वेढा काढला. खाली गुलाबी, नवी कातडी! त्यांनी बोटाने दाबून बघितलं, वास घेऊन बघितलं, टाच वळवून बघितली.

"राहिला!" ते म्हणाले. "पाय राहिला!"

मग इकडेतिकडे बघितलं आणि पटकन बाबांच्या अंगठ्यावर कपाळ टेकवलं. वर उठून चष्मा पुसत मला म्हणाले, "ताप आहे का, ते बघत होतो!" आणि मागच्या दाराने निघून गेले.

आता आम्ही दोघेच. माझ्या छातीवर अकरा दिवसांचं ओझं होतं. त्यातलं सगळ्यात जड हे, की बाबाही रोज पहाटे, रांग लागायच्या आधी, काठी टेकत त्या खडावांपाशी यायचे. दुखरा पाय लांब ठेवून कसेबसे खाली बसायचे. ठशांवर कपाळ ठेवायचे. मी खांबाआडून बघायचो आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं. लोक फसले ते फसले. गुरूलाही मी फसवलं!

मी मोजे काढले. बाबांपुढे अनवाणी उभा राहिलो.

"बाबा, खडावांवरचा ठसा माझा आहे. द्यायची ती शिक्षा द्या."

बाबांनी माझ्या करंगळीकडे बघितलं. "माहीत आहे. पहिल्याच पहाटे ओळखला."

"पहिल्याच?"

"हो."

"मग अकरा दिवस तुम्ही त्याच्यावर डोकं का ठेवलंत?"

बाबांनी काठी भिंतीला लावली. "हा पाय आज कोणाच्या बळावर उभा आहे?" म्हणत नवा पाय जमिनीवर टेकवला. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. तिसऱ्याला ते माझ्याजवळ आले.

"मिस्त्री," बाबा म्हणाले, "माणसं केव्हाची उन्हात उभी आहेत. दार उघड."