नाकावरची पुटकुळी आणि आत्याचे गुडघे

मुलीच्या साखरपुड्याला चार दिवस उरले आणि माझ्या तेलकट नाकाच्या शेंड्यावर टपोरी पुटकुळी उगवली. पन्नाशीत! गोंदियाहून टी ट्री तेलाची इवलीशी बाटली आणली. खोबरेलात दोन थेंब मिसळून लावलं, आणि दोन दिवसांत बया बसू लागली. तिसऱ्या दिवशी बाटली रिकामी! सालेकशाहून आलेली आत्या पाय पसरून गुडघे चोळत होती. आमच्याकडे उग्र वासाचं कुठलंही तेल गुडघ्यांचंच समजतात.

"आत्या, ते तोंडाचं औषध होतं!"

"तेलकट तोंडाले अजून तेल? काऊन वो, डोकं फिरलं का तुझं? गुडघ्याले मस्त थंड वाटून राहिलं. एवढीशीच कायले आणली?"

औषधाविना पुटकुळी पुन्हा फुगली; साखरपुड्याच्या प्रत्येक फोटोत माझं लालबुंद नाक पुढे आहे. मागे आत्या नाचते आहे.