बिननारळाचं धोंडस

समस्त आप्तेष्ट, शेजारीपाजारी आणि रत्नागिरी परिसरातील तमाम माडांस कळविण्यात अत्यंत दुःख होते की, दिवाळी आटोपल्यावर चौथ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, दवाखान्यातल्या लाकडी बाकासमोर, आमच्या घरातून नारळ हद्दपार करण्यात आला. त्याच्या पश्चात एक खवणी, दोन कोयते आणि माझ्या सासूबाई असा परिवार होता.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मी देशावरची, कोल्हापूरकडची. नवरा मुंबईला नोकरीला, महिन्यातून एकदा यायचा. घरात आम्ही तिघंच: सासरे, सासूबाई आणि मी. सासरे शाळामास्तर, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. दसऱ्याच्या सुमारास एकदा घाटी चढताना त्यांच्या छातीत दुखलं. घाटी म्हणजे भाट्याच्या किनाऱ्यावरून घरी येतानाची जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची पाखाडी. ते मधल्या पायरीवर बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

डॉक्टर तरुण होते, सोलापूरकडून नवेच आलेले. त्यांनी तपासलं, रक्त काढलं आणि फर्मान काढलं. तेल, तूप, दूध, दही, अंडी, मासळी, सगळं बंद. जनावराचं काही नको आणि फोडणीला थेंबभरही तेल नको. सासूबाईंनी विचारलं, "मग खायचं काय त्यांनी?"

डॉक्टर म्हणाले, "काकू, झाडावरचं खाऊ दे की. भाज्या, फळं, कडधान्यं."

झाडावरचं. आता रत्नागिरीत उभं राहून मान वर केली की झाडावर काय दिसतं?

सासूबाईंनी ते पथ्य असं काही पाळलं की एखाद्या साध्वीनं शिकावं. तेलाची बरणी फडताळात मागे ढकलली. दूधवाल्याला कडक शब्दांत नाही म्हणून सांगितलं. ताकाच्या जागी सोलकढी आली. तेलाच्या फोडणीऐवजी प्रत्येक भाजीवर मूठ मूठ ओलं खोबरं आलं. खीर नारळाच्या रसातली, उसळीला नारळाचं वाटण, आणि दिवाळीला तेला-तुपाचा एकही जिन्नस न करता फक्त नारळाच्या वड्या. घरात रोज तीन नारळ फुटत. सासरे म्हणायचे, "एवढं चांगलं जेवायला मिळणार असेल तर माणसानं आधीच आजारी पडावं."

मला वाटलं, कोकणातलं पथ्य असंच असेल.

महिन्यानं रिपोर्ट आला तो आधीपेक्षा वाईट. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. मग सासऱ्यांना विचारलं, "काय काय खाता?" उत्तर अर्थातच सासूबाईंनी दिलं. त्यांनी महिन्याचा स्वयंपाक अभिमानानं म्हणून दाखवला. सोलकढीपर्यंत डॉक्टर लिहून घेत होते. वड्यांपाशी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काकू, नारळात तेल असतं."

"घाण्यावर काढल्यावर," सासूबाई म्हणाल्या. "न काढता कुठं असतं?"

डॉक्टरांनी पेन उचलून त्याला टोपण लावलं. कॉलेजात हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. मग ते सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "मास्तर, आणखी चार आठवडे बघू. नारळही बंद. रक्तात फरक पडला नाही तर मुंबईला मोठ्या इस्पितळात पाठवावं लागेल."

सासऱ्यांचे थोरले भाऊ असेच मुंबईच्या इस्पितळात गेले होते. परत आली ती त्यांची ट्रंक. ती ट्रंक आमच्या माजघरात होती, तिच्यावर आम्ही गोधड्या ठेवायचो. घरी आल्यावर सासूबाईंनी सगळ्यांत आधी काय केलं असेल, तर त्या गोधड्या उचलून दुसरीकडे ठेवल्या. ट्रंकेला हात लावायला लागू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्या भाजी करायला बसल्या. भाजी शिजली, आणि त्यांचा हात आपोआप खवणीकडे गेला. मागे आला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा त्यांनी खवणी उचलली, माझ्यासमोर आणून ठेवली आणि म्हणाल्या, "अगो, तू देशावरची. तुला नारळाचं वेड नाही. महिनाभर चूल तू सांभाळ. माझ्या हाताचा मला भरवसा नाही."

घराण्याच्या चाव्या इतक्या लवकर कोणत्या सुनेला मिळाल्या असतील? पण माझी पंचाईत वेगळीच होती. मला नारळाचं वेड नव्हतं, तेलाचं होतं. आमच्याकडे आमटीवर तवंग दिसला नाही तर पाहुणा काळजीनं विचारतो, घरात सगळं ठीक आहे ना. म्हणजे सासूबाई नारळाविना पांगळ्या आणि मी तेलाविना. आणि आमच्या दोघींच्या मधे एक सज्जन मास्तर, ताट पुढे घेऊन बसलेले.

पहिल्या दिवशी मी कोरड्या कढईत मोहरी टाकली. ती उडून सगळ्या स्वयंपाकघरात पसरली, कढईत फक्त हळद उरली. दुसऱ्या दिवशी बिडाच्या तव्यावर तेल न लावता तांदळाचं घावन घातलं. घावनानं तवा सोडायला साफ नकार दिला. मी ते उलथन्यानं खरवडून ताटात वाढलं. सासऱ्यांनी बराच वेळ पाहिलं.

"सूनबाई, हे घावन आहे की उपमा?"

"मामंजी, तुम्हांला काय आवडेल?"

"आज उपमा म्हणू," ते म्हणाले आणि सगळं खाल्लं.

दारात उभ्या असलेल्या सासूबाई म्हणाल्या, "कांदा अर्धा काप, मिठात बुडव नि तव्यावर चोळ. माझी आई तेल संपलं की तसंच करायची." एवढं बोलून निघून गेल्या. चूल माझ्याकडे होती ना.

कांद्यानं काम झालं. मग हळूहळू बाकीचंही जमायला लागलं. मोहरी-जिरं झाकणाखाली भाजून कुटायचं आणि वरून भुरभुरायचं. कुळथाचं पिठलं लसूण आणि आमसुलावर तरून जातं. नाचणीची आंबील ताकाशिवायही आंबते, फक्त तिला रात्रभर एकटं सोडावं लागतं. डाळ घोटून घोटून इतकी गुळगुळीत करायची की तोंडाला काही काळ फसवता येतं. सासरे फसत नव्हते, पण फसल्याचं नाटक उत्तम करायचे. संध्याकाळी ते भाट्याला फिरायला जायचे, आणि माडांच्या बागेजवळून जाताना मान समुद्राकडे वळवून चालायचे. एकादशीच्या दिवशी माणूस मिठाईच्या दुकानासमोरून जातो, तसे.

चौथा आठवडा संपत आला. रक्त देऊन झालं होतं, परवा रिपोर्ट येणार होता. सासरे जेवून हात धुताना वर बघत होते. माळ्याच्या वाशांना पावसाळ्यातली तवशी टांगलेली होती, म्हणजे पिकून पिवळ्या झालेल्या मोठाल्या काकड्या.

"यंदा धोंडस झालं नाही," ते सहज म्हणाले. "जायच्या आधी एकदा खाल्लं असतं."

सासूबाई थबकल्या. "जायच्या आधी म्हणजे? कुठं जायच्या?"

"अगो, मुंबईला म्हटलं मी."

सासूबाईंनी काठीनं एक तवसं खाली काढलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चल."

धोंडस म्हणजे कोकणातला केक. तवसं किसायचं, त्याच्या रसात भाजलेला तांदळाचा रवा आणि गूळ शिजवायचा, आणि ते पातेल्यात ओतून वर-खाली निखारे ठेवून भाजायचं. त्यात तूप हवं आणि नारळ तर हवाच हवा. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. मी रवा कोरडाच भाजला. ओलाव्यासाठी दोन पिकलेली केळी कुस्करून घातली, सासूबाईंनी तोंड वाकडं केलं पण अडवलं नाही. पातेल्याला तुपाचा हात लावायचा तर तूप नाही. मी थांबले. त्या परसात गेल्या आणि हळदीची पानं घेऊन आल्या. डिसेंबरातली, कडेनं सुकायला लागलेली, पण अजून वासाची. "पान असलं की चिकटत नाही," म्हणाल्या. पातेल्याच्या तळाशी त्यांनी ती पानं इतकी नेटकी लावली की मला वाटलं, पूजाच मांडतायत.

उरला निखारा. आमच्या घरी निखारा करवंट्यांचा. महिनाभर नारळ फुटला नव्हता, पण आधीच्या महिन्याच्या वैभवाच्या करवंट्या परसात ढीगभर पडल्या होत्या. सासूबाईंनी त्या पेटवल्या, लाल झाल्यावर चिमट्यानं एकेक उचलून झाकणावर रचल्या. रचता रचता थांबल्या.

"काय गो, करवंटीत तेल नसतं ना? की तेही डॉक्टरला विचारायचं?"

महिन्यात पहिल्यांदा त्या हसल्या. मग आम्ही दोघी निखाऱ्यांकडे बघत तिथंच बसून राहिलो. त्यांनी हळूच विचारलं, "फरक पडला असेल ना गो?" मी म्हटलं, "असेल." दोघींनाही काही माहीत नव्हतं.

धोंडस खाली तांबूस आणि वर करपल्यासारखं काळसर झालं. पानं अलगद सुटली. सासऱ्यांनी पहिला तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. सासूबाई घाबरून पुढे सरल्या, तेव्हा ते म्हणाले, "थांब जरा. नारळाचा वास येतोय, तो घेऊ दे."

वास करवंट्यांचा होता. झाकणाच्या फटीतून धूर आत शिरला असणार.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघंही दवाखान्यात गेलो. सासूबाईंनी पिशवीत एक डबा घेतला होता. डॉक्टरांनी कागद वाचला, पुन्हा वाचला. सासूबाई माझा हात धरून बसल्या होत्या, बांगड्या माझ्या मनगटात रुतल्या तरी मी हात काढला नाही.

"खूप खाली आलंय," डॉक्टर म्हणाले. "मुंबई नको. हेच पथ्य चालू ठेवा."

सासरे चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले. सासूबाईंनी माझा हात सोडला आणि डबा उघडून टेबलावर सरकवला. डॉक्टरांनी धोंडसाचा तुकडा घेतला, चावला, आणि त्यांच्या कपाळावर आठी आली. आणखी एक घास घेतला. मग त्यांनी सासूबाईंकडे असं पाहिलं की जणू त्यांनी परीक्षेत कॉपी केली होती.

"काकू, खरं सांगा. यात नारळ घातलाय."

दोन महिन्यांची भीती, ती ट्रंक, ती घाटीची पायरी, सगळं त्या एका क्षणी सासूबाईंच्या अंगात आलं असणार. त्या बाकावरून उठून उभ्या राहिल्या, आणि बाहेरच्या पेशंटांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"डॉक्टर, नसलेला नारळ बरा कळतो तुम्हांला. मग असलेला पहिल्याच दिवशी का नाही बंद केलात?"