पायाखालची नावे

गेल्या शनिवारी सकाळी डब्लिनच्या ओंगार उपनगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात जर्मनीवरून मतभेद झाला. मुलगी मधुरा, जावई निखिल आणि बारा वर्षांची नात ईरा यांच्याबरोबर मी ऑक्टोबरच्या सुट्टीत आठ दिवस तिकडे जाणार आहे, आणि सहलीचा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले होते.

मी तेहतीस वर्षे पुण्यातल्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले. त्यामुळे आराखडा अकरा पानांचा झाला... हॅम्बुर्गची जुनी गोदामे, बर्लिन, शेवटी ड्रेस्डेन, प्रत्येक शहराचा थोडक्यात इतिहास, आणि तिकडे रविवारी दुकाने बंद असतात म्हणून खरेदी शनिवारीच उरकण्याची सूचना. निखिलने पाने चाळली आणि विचारले, "बाबा, ही सहल आहे की सिलॅबस?"

मधुराचा आक्षेप मात्र एकाच सकाळच्या कार्यक्रमावर होता. बर्लिनमध्ये दुसऱ्या दिवशी मी ज्यूंच्या संहाराचे स्मारक, त्याच्या तळघरातले प्रदर्शन आणि मग एका जुन्या वस्तीतून पायी फेरी असे लिहिले होते. तिचे म्हणणे, ती सकाळ ईराने निखिलबरोबर प्राणिसंग्रहालयात घालवावी. मागच्या वर्षी शाळेत इथल्या, लाखो माणसे उपाशी मेलेल्या बटाट्याच्या दुष्काळाचा धडा झाला, तेव्हा ती आठवडाभर नीट झोपली नव्हती.

मी माझी बाजू मांडली. ड्रेस्डेनचे, महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यानंतर पुन्हा उभारलेले चर्च मुलीला दाखवायचे आणि ते मुळात कोसळले का हे सांगायचे नाही, तर ती फक्त एक सुंदर इमारत पाहून परत येईल... कारण झाकून परिणाम दाखवण्याला मी शिक्षण म्हणत नाही.

"बाबा, मुद्दा बरोबर आहे तुमचा," मधुरा म्हणाली. "पण घाबरली की ती माझ्या खोलीत येते, तुमच्या नाही."

समोर कॉर्नफ्लेक्स खात बसलेल्या ईराला कोणीच काही विचारले नव्हते. तिला मराठी सगळे कळते, उत्तर मात्र इथल्या इंग्रजीत येते... "यू नो, आय ॲम राइट हिअर."

मग मी एक तोडगा सुचवला. बर्लिनची ती पायी फेरी पितळी पाट्या पाहण्यासाठी होती. संहारात बळी गेलेली माणसे जिथे राहत, त्या घरांसमोर फुटपाथमध्येच तळहाताएवढ्या पाट्या बसवलेल्या असतात... नाव, जन्माचे वर्ष, कुठे नेले, शेवट काय झाला. तशा काही पाट्या डब्लिनमध्येही एका शाळेसमोर आहेत, कारण बळींपैकी एक बाई लहानपणी तिथे शिकली होती. त्या आधी पाहू, ईराला त्रास झाला तर बर्लिनची सकाळ मी स्वतः रद्द करीन, असे ठरले.

या पाट्यांबद्दल माझे मत प्रतिकूल होते, हे इथे नमूद करायला हवे. माणसाचे नाव भिंतीवर, नजरेच्या उंचीवर असावे. बूट आणि बॅगांची चाके त्याच्यावरून जाणे मला गैर वाटत आले आहे. म्युनिकमध्ये सार्वजनिक फुटपाथवर अशा पाट्यांना परवानगी नाही, आणि त्यामागचा एक आक्षेप हाच आहे.

रविवारी जवळच्या हॅन्सफिल्ड स्टेशनहून ट्रेन आणि पुढे बस करून मधुरा, ईरा आणि मी तिथे पोहोचलो. बारीक पाऊस होता, ज्यालाही इथे 'ग्रँड', म्हणजे छान, हवा म्हणतात. शाळा बंद, फुटपाथ रिकामा. ईरा फोनवरचा नकाशा पाहत पुढे चालली होती, आणि माझ्या लक्षात येईपर्यंत तिचा बूट एका पाटीवर पडला होता.

तिने खाली पाहिले, पाय मागे घेतला, वाकून पाटीला हात लावला आणि तो कपाळाला नेला. घरात शाळेच्या वहीला पाय लागला की मधुरा तिला हेच करायला लावते. हा निव्वळ अंगवळणी पडलेला प्रकार आहे, त्याला कारण देता येत नाही, असे मी घरात एकापेक्षा जास्त वेळा म्हटलेले आहे.

वाकल्यामुळे अक्षरे तिच्या डोळ्यांसमोर आली. ती तशीच उकिडवी बसून एकेक पाटी वाचू लागली. एक पाटी अगदी लहान मुलाची होती... तिने बाहीने तिच्यावरचे पाणी पुसले.

मी उभा होतो, आणि मला एकही अक्षर वाचता येत नव्हते. काय लिहिले आहे ते मी विचारले.

"यू कान्ट रीड इट फ्रॉम अप देअर, आजोबा. कम डाउन."

मधुराचा हात धरून मी गुडघ्यांवर आलो. मग मीही एकेक नाव वाचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुराने सांगितले की ईरा तिच्या खोलीत आली होती. त्या मुलाबद्दल बोलली, रडली आणि मग तिथेच झोपली. अटीप्रमाणे मी हरलो होतो... मी पेन घेतले आणि आराखड्याचे ते पान उघडले.

"प्रदर्शन काढून टाका," मधुरा म्हणाली. "फेरी राहू दे."

मी तिला अटीची आठवण करून दिली. ती म्हणाली, "दुष्काळाच्या धड्यानंतर ती स्वतःला काही होईल म्हणून रडत होती. काल त्याच्यासाठी रडली. मला फरक कळतो, बाबा."

तळघरातले प्रदर्शन ईरा मोठी झाल्यावर पाहील. फेरीला आम्ही चौघे जाणार आहोत.

नावे पायाखाली असण्यावरचा आक्षेप माझा होता, आणि तो एका मुलीने नुसते खाली वाकून खोडून काढला. अक्षराला पाय लागला तर वाकावे, हे तिला मी शिकवलेले नाही. उलट ते सोडून द्या, असे सांगत आलो होतो... मधुराने या बाबतीत माझे ऐकले नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.